जमादारांचा पांढरा रुमाल

दत्ताजीराव जमादार उभ्या आयुष्यात घोड्यावरून कधी पडले नाहीत. ते पडले झोपाळ्यावरून. बडोद्यात घरोघर झोपाळा असतो आणि दुपारच्या जेवणानंतर त्यावर डोळा लागतो, त्यात कमीपणा काहीच नाही. पण सारी हयात पागेत काढलेल्या माणसाला तो वाटला. मांडीचे हाड मोडून ते सरकारी दवाखान्यात आले, तेव्हा ज्याने ज्याने कसे पडलात म्हणून विचारले त्याला त्यांनी 'बसलो होतो, तोल गेला' एवढेच सांगितले. कशावर बसलो होतो ते सांगितले नाही.

सयाजीराव महाराजांच्या राज्यातला तो काळ. बडोद्यात शाळा, वाचनालये, नळाचे पाणी असे काहीबाही नवे सारखे येत होते. त्या दवाखान्यातही एक नवा नियम आला होता. प्रत्येक रोग्याचे अंग रोज धुवायचे. ज्याला उठता येते त्याने मोरीवर जाऊन आंघोळ करावी, आणि ज्याला येत नाही त्याला खाटेवरच, पडल्यापडल्या, कोमट पाण्याने नि फडक्याने धुऊन काढावे. आज हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. तेव्हा सांगावे लागे, आणि पुरुषांच्या खोलीत ते काम नर्स गंगाबाईंकडे होते.

गंगाबाई मूळच्या डभोईच्या. त्यांचा आवाज कधी चढत नसे, आणि एकदा हाती घेतलेली गोष्ट त्या सोडतही नसत. प्रत्यक्ष धुण्याचे काम छगनभाई नावाचा नोकर करी. बाई पडद्याबाहेर उभ्या राहून कान कुठे राहिले, काखा कुठे राहिल्या ते विचारीत.

जमादारांचा पाय काखेपासून टाचेपर्यंत पोचणाऱ्या एका लांब फळीला बांधलेला होता. त्यांना कित्येक आठवडे उताणे पडून राहायचे होते. असे पडून राहिलेल्या माणसाचा खरा शत्रू मोडलेले हाड नसते, पाठीखालचा घाम असतो. चैत्रातला बडोद्याचा उकाडा, त्यात अंगाखाली मळ नि ओल. कातडे आधी लाल होते, मग फाटते, आणि मग ती जखम आत आत जात राहते. मोठ्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी साफ सांगितले होते की हाड जुळवणे माझ्याकडे लागले. पण पाठ फुटली तर माणूस तापाने हातचा जातो, आणि वाचला तरी पुन्हा घोड्यावर बसत नाही.

जमादारांना दसऱ्याला घोड्यावर बसायचे होते. त्या दिवशी महाराजांच्या स्वारीत पागेच्या जुन्या, निवृत्त स्वारांनाही मागे चालण्याचा मान असे. जमादारांनी तो एकदाही चुकवला नव्हता. घरी चंपा नावाची घोडी होती, तीही आता वयाने जमादारांच्याच जोडीची झाली होती. दोघांचे मिळून अजून काही दसरे शिल्लक असावेत, असा जमादारांचा हिशेब होता.

म्हणजे त्यांनी रोज अंग धुऊन घ्यायला हवे होते. पण दुसऱ्याच सकाळी भलतेच झाले.

हाड बसवताना दिलेल्या औषधाची गुंगी अजून उतरली नव्हती. खाटेवर पाय दक्षिणेकडे येत. जमादार डोळे मिटून उताणे पडलेले, अंगावर पांढरी चादर, बाजूला पाण्याची बादली, आणि छगनभाई मुकाट्याने त्यांची छाती धुतो आहे. अशा वेळी जमादारांच्या पत्नी रखमाबाई आणि त्यांचे भाऊ सुभानराव दारात आले.

आता, आपल्याकडे माणसाला दुसऱ्याने आडवे घालून न्हाऊ घालण्याचे प्रसंग दोनच. एक जन्मल्यावर, तेव्हा पायांवर घेतात. दुसरा कोणता ते लिहायला नको. रखमाबाईंनी दारातच टाहो फोडला. सुभानराव मात्र तत्पर माणूस. रडायला मागे वेळ आहे, बाजार उघडा आहे तोवर सामान आणलेले बरे, असा विचार करून ते आल्या पावली परत फिरले.

गंगाबाई रखमाबाईंना समजावत होत्या. पण रडणारे माणूस ऐकत नसते. तिकडे त्या आवाजाने जमादारांची गुंगी उतरत आली. त्यांनी डोळे उघडले तेव्हा दारात मेहुणा उभा होता. खांद्यावर दोन बांबू, काखेत नवे मडके.

"कोण गेलं?" जमादारांनी विचारले.

कुणी उत्तर दिले नाही. सुभानराव एकदा जमादारांकडे आणि एकदा मडक्याकडे बघत राहिले. मग जमादारांनी बादली पाहिली, चादर पाहिली, आपले ओले अंग पाहिले, आणि त्यांना उत्तर मिळाले.

बांबूंचे पुढे काही अडले नाही. सुभानरावांनी परसात त्यांच्यावर दोडक्याचा वेल चढवला. मडक्याची मात्र पंचाईत झाली. कुंभार ते परत घेईना, आणि असल्या कामाला आणलेले मडके घरात कोण नेणार? ते दवाखान्याच्या आवारातच, लिंबाखाली पालथे पडून राहिले. जमादारांच्या उजव्या हाताला खिडकी होती, आणि खिडकीतून बरोबर ते मडके दिसे.

त्या दिवशी जमादारांनी जाहीर केले की आडवे असताना अंगाला पाणी लागू देणार नाही. उभा राहीन त्या दिवशी आंघोळ करीन. तोवर तोंड आणि हात, बस्स.

मोठे डॉक्टर समजावून थकले. रखमाबाईंनी डोळ्यांत पाणी आणले, तेव्हा जमादार म्हणाले की ते आणायची सवय तुला जरा जास्तच आहे. गंगाबाईंनी गरम पाणी सांगितले, थंड पाणी सांगितले, वाळ्याचे पाणी सांगितले. जमादार मिशांना तेल लावत ऐकून घेत. मिशा तेवढ्या स्वच्छ होत्या.

याचा सर्वांत जास्त जाच झाला तो शेजारच्या खाटेवरच्या दिनकररावांना. दिनकरराव फडणिशीतले निवृत्त कारकून, तळपायाला झालेले गळू कापून घ्यायला आलेले. ते स्वतः लंगडत मोरीवर जाऊन आंघोळ करीत, कपाळाला गंध लावीत, आणि परत येऊन जमादारांच्या बाजूला उदबत्ती पेटवून ठेवीत.

"जमादार," ते एकदा म्हणाले, "तुमच्या बाजूनं वारा सुटला की माझी पागेत बदली झाली असं वाटतं."

"पागेत असता तर माणूस झाला असता," जमादार म्हणाले.

अशी उत्तरे देऊन पाठ बरी होत नसते. एका सकाळी खालची चादर बदलताना छगनभाईने बाईंना खूण केली. माकडहाडापाशी हाताच्या तळव्याएवढी जागा लालभडक झाली होती. कातडे अजून फाटले नव्हते, पण बोटाने दाबले तरी लाली हटत नव्हती. गंगाबाईंनी ते डॉक्टरांना कळवले.

रखमाबाई दुपारी डबा घेऊन येत. आल्या की जमादार विचारीत, "चंपाला खरारा झाला?" मुले कशी, घर कसे, हे मागून.

खरारा म्हणजे काय हे आता सांगायला हवे, कारण घोडेच दिसेनासे झाले. घोड्याचे अंग रोज घासून साफ करण्याच्या दातेरी ब्रशाला खरारा म्हणतात, आणि त्या कामालाही खराराच म्हणतात. डाव्या मानेपासून सुरुवात, मग पाठ, पोट, पाय, मग दुसरी बाजू. पागेत हे झाल्याशिवाय स्वाराला जेवण नसे.

त्या दुपारी रखमाबाई जरा चाचरल्या. मग सांगितले की घोडीची निगा राखणारा मोतद्दार चार दिवस हात राखून काम करत होता, आणि चंपाच्या पाठीवर खोगीर लागून कातडे सोलवटले आहे. जमादारांचा चेहरा पाहून त्यांनी डबा जरा लांब सरकवला.

"खोगिराखाली घाम मुरू दिला?" जमादार म्हणाले. "जनावर बोलत नाही म्हणून? पाठ गेली की घोडा गेला. रोज कोरडी करायची, रोज हात फिरवून बघायची. त्यात आळस करणाऱ्याला उलटा टांगला पाहिजे."

शेजारच्या खाटेशी पट्टी बांधत असलेल्या गंगाबाईंनी हे सगळे ऐकले. तुमची स्वतःची पाठ बघा, हे शब्द त्यांच्या ओठांवर आले होते. पण ते बोलून उपयोग झाला नसता. मी काय जनावर आहे, असे जमादारांनी विचारले असते, आणि बोलणे तिथेच संपले असते. बाईंनी पट्टीची गाठ मारली.

दुसऱ्या सकाळी त्या जमादारांपाशी आल्या आणि मदत मागू लागल्या. छगनभाईचे काम वरवरचे होते. आपली नजर सगळीकडे पुरत नाही. जमादारांनी एवढी मोठी पागा सांभाळली. इथे पडल्यापडल्या जरा लक्ष घातले तर बरे होईल.

जमादारांनी मिशीवरून हात फिरवला. "किती जनावरं आहेत?"

"तुम्हाला सोडून सगळी," गंगाबाई गंभीरपणे म्हणाल्या.

झाले. जमादारांनी उशीखालून एक पांढराशुभ्र रुमाल काढला आणि खोलीला उद्देशून पागेचा कायदा सांगितला. खरारा झाला की जनावराच्या अंगावरून पांढरा रुमाल फिरवायचा. रुमाल काळा निघाला तर पुन्हा खरारा, आणि तो होईपर्यंत स्वाराला जेवण नाही. त्यांचे जुने रिसालदार तर असे कडक की पहिला रुमाल स्वतःच्या घोड्यावर फिरवायचे, सगळ्यांदेखत, म्हणजे मागून कुणाला तोंड उघडायला जागा राहायची नाही. असे अधिकारी आता होत नाहीत, असे म्हणून जमादारांनी उसासा सोडला.

त्या दिवसापासून खोलीचे रूप पालटले. खाटांना जमादार, घोडा बांधायच्या जागेला म्हणतात तसे, 'ठाण' म्हणू लागले. छगनभाईने एकेकाला धुवायचे, आणि मग रुमाल फिरवून तो जमादारांकडे आणून दाखवायचा. चेहऱ्यावर रुमाल फिरवलेला ते मानीत नसत. तोंड सगळेच धुतात, मळ मानेमागे नि कानामागे दडून बसतो, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते खरे आहे. कुणीही घरी करून पाहावे. पहिल्या दिवशी रुमाल इतके काळे निघाले की जमादार हर्षभरित झाले.

छगनभाईने सुरुवातीला कुरकुर केली. "जमादारसाहेब, आ घोडो नथी, माणस छे."

"घोडा असता तर इतका मळला नसता," जमादारांनी सांगितले.

हळूहळू रोग्यांनाही सवय लागली. पोटरीवर थाप बसली की ते न सांगता पाय मागे उचलीत, म्हणजे टाच नि बोटांच्या बेचक्या बघता याव्यात. नखे वाढलेली दिसली तर 'नाल बदला' असा हुकूम सुटे. दात तपासणे तर ठरलेलेच, कारण घोड्याचे वय दातांवरून ओळखतात. त्यात एकदा दिनकररावांची पाळी आली. जमादारांनी त्यांना जवळ बोलावून आ करायला लावले, आत नीट पाहिले, आणि साऱ्या खोलीला ऐकू जाईल असे सांगितले की हे जनावर बासष्टीच्या पुढचे आहे.

दिनकररावांनी तोंड मिटले. सरकारदप्तरी त्यांचे वय बरेच कमी लावलेले होते, आणि निवृत्त व्हायच्या वेळी त्यावरून कचेरीत कुजबुजही झाली होती. ते लंगडत आपल्या खाटेवर गेले आणि त्या दिवशी त्यांनी दोन उदबत्त्या लावल्या.

मोठे डॉक्टर फेरीला आले तेव्हा रांगेने सगळे रोगी मान पुढे करून बसले होते, नि एकाने तर डॉक्टरांचा हात पोटरीला लागताच सवयीने पाय उचलला. डॉक्टर खूश झाले. इतकी स्वच्छ खोली त्यांनी पाहिली नव्हती. मग ते जमादारांच्या खाटेशी आले, थांबले, आणि त्यांच्या नाकाने त्यांना बाकीचे सांगितले. ती लाल जागा आता काळपट दिसू लागली होती. त्यांनी गंगाबाईंना बाजूला नेले, पण आवाज काही खाली आणला नाही. आता वाट बघायची नाही, उद्या चार माणसे लावून यांना धुऊन घ्या, असे ते म्हणाले.

जमादारांनी 'चार माणसे' एवढेच शब्द ऐकले आणि खिडकीतून मडक्याकडे पाहिले. रात्रीचे जेवण त्यांनी तसेच परत पाठवले.

गंगाबाईंना धरून-बांधून धुणे पसंत नव्हते. एकदा तसे केले की जमादार रोज झटापट करतील, आणि झटापटीत हाड हलेल. संध्याकाळी त्या दिनकररावांची पट्टी बदलायला बसल्या, तेव्हा सहज बोलावे तसे त्यांनी विचारले, की ते जुन्या रिसालदारांचे जमादार काय सांगत होते, आपल्याला नीट ऐकू आले नव्हते. दिनकररावांनी सगळे अक्षरशः सांगितले. कारकून माणूस, एकदा ऐकलेला कायदा विसरत नसे. सांगता सांगता ते मध्येच थांबले, आणि पट्टी होईपर्यंत स्वतःशीच हसत राहिले.

सकाळी तपासणी सुरू झाली. जमादारांनी रुमाल छगनभाईपुढे धरला.

"एक मिनिट," दिनकरराव म्हणाले. ते काठी टेकून उभे होते. "कायद्याचा मुद्दा आहे. आपले रिसालदार पहिला रुमाल कुठे फिरवायचे, जमादार?"

जमादारांनी दिनकररावांकडे पाहिले, मग आपल्या हातातल्या रुमालाकडे. खोटे बोलण्याची सोय त्यांनीच बंद करून ठेवली होती.

"स्वतःच्या घोड्यावर," ते म्हणाले.

"मग आपला घोडा तपासला पाहिजे."

जमादारांनी रुमालाची घडी उलगडली. मग रुमाल दिनकररावांच्या हाती दिला आणि मान थोडी उचलली. दिनकररावांनी उपरण्याने नाक झाकून घेतले आणि मानेमागून एकदाच हात फिरवला. रुमाल त्यांनी सगळ्यांना दाखवला नाही. दाखवायची गरज नव्हती. खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या माणसालाही तो दिसला. दिनकररावांनी पुढचा टोमणा तयार ठेवला असावा, पण जमादारांचा चेहरा पाहून त्यांनी तो गिळला आणि रुमालाची घडी करून उशाशी ठेवली.

"बाई," जमादार म्हणाले, "खरारा आणा."

पडदा लागला. आंघोळ घालायची नाही, खरारा करायचा, असे जमादारांनी आधीच बजावले. डाव्या मानेपासून सुरुवात. मुडद्याला कुणी डावीकडून उजवीकडे असा घासत नाही. शिवाय हुकूम देणारा आपणच, आणि आवाज शेवटपर्यंत थांबणार नाही. मुडदा हुकूम देत नसतो. हे ठरवून त्यांनी तोंड सोडले ते दवाखान्याच्या फाटकापर्यंत ऐकू जात होते. छगनभाईचा हात, त्याचे फडके, त्याचे गाव, सगळ्याचा उद्धार झाला. छगनभाई खुशीत होता. त्याने जमादारांना इतका वेळ इतके जवळून कधी ऐकले नव्हते.

नेमके तेव्हा सुभानराव रखमाबाईंना घेऊन आले. पडदा लागलेला, बादलीचा आवाज, पडद्याखालून वाहत आलेले पाणी. रखमाबाईंचा पदर तोंडाकडे गेला. तोच आतून आवाज आला, "अरे पोटाला हात हलका, गाढवा, गुदगुल्या होतात." रखमाबाईंनी पदर खाली घेतला. सुभानराव भिंतीशी बाकावर बसले आणि या वेळी कुठेही गेले नाहीत.

पाठीची पाळी आली तेव्हा बाईंनी फळीसकट जमादारांना दोघा नोकरांकडून अलगद कुशीवर वळवून घेतले, आणि त्यांच्याच दाढीच्या आरशातून ती जागा त्यांना दाखवली. जमादार गप्प झाले. छगनभाई म्हणाला की एवढा वेळ बोलणारा माणूस गप्प झाल्यावर त्यालाच भीती वाटली.

"खोगीर लागलंय," जमादार शेवटी म्हणाले.

"हो," गंगाबाई म्हणाल्या. "अजून फाटलेलं नाही."

"मग खोगीर उतरवायला हवं."

तेच तर आपण पहिल्या दिवसापासून सांगतो आहोत, असे बाई म्हणाल्या नाहीत. रोज धुवायचे, कोरडे करायचे, आणि दिवसभर थोडा थोडा वेळ एकेका कुशीवर राहायचे, एवढेच त्यांनी सांगितले. मग विचारले की आधी कुठल्या कुशीवर वळवू.

उजवीकडे खिडकी होती, आणि खिडकीत मडके. डावीकडे दिनकरराव, गंध लावून, हातात उदबत्ती घेऊन. जमादारांनी दोन्हीकडे नीट बघून घेतले.

"कारकुनाकडे वळवा," ते म्हणाले. "मडक्यापेक्षा बरा."

दिनकररावांनी उदबत्ती विझवली.

लाली उतरायला बरेच दिवस लागले, आणि त्या दिवसांत दोघांनी एकमेकांचे तोंड इतके पाहिले की दिनकररावांच्या पायाचे गळू बरे झाले तरी ते दुपारी येऊन बसू लागले. झोपाळ्याची गोष्टही त्यांनी रखमाबाईंकडून काढून घेतली, पण ती त्यांनी बाहेर कुठे सांगितली नाही. बासष्टीच्या बदल्यात ती झाकूनच ठेवायची असे ठरले असावे.

दसऱ्याला जमादार चंपावर बसले. बसवायला सुभानराव, मोतद्दार आणि एक बाक लागले, पण बसले. स्वारी रस्त्याने जाऊ लागली. गर्दीत पुढेच उभ्या असलेल्या दिनकररावांनी खिशातून पांढरा रुमाल काढून हलवला, आणि जमादारांनी साऱ्या बडोद्यादेखत, सवयीने, मान पुढे केली.